हाडोळ्याचा बांध

"एवढी ओळ वाचू नका," कोंडसरचे पाटील हैबतराव शेलार म्हणाले आणि त्यांनी कागदावर अंगठा टेकवला.

कागद मोडीतला होता, शके सतराशे नऊचा. कोंडसर आणि वाघुर्डे या दोन गावांच्या शिवेचा तंटा तोडताना पंचांनी केलेला महजर, म्हणजे निवाड्याचा लेख. पाटलांच्या घरी तो पाच पिढ्या पत्र्याच्या नळीत पडून होता आणि घरात तो वाचता येणारं कोणी उरलं नव्हतं. मला मोडी येत होती. आजोबा संस्थानच्या दप्तरात कारकून होते, त्यांनी शिकवली होती. मी जिल्ह्याच्या दैनिकाचा बातमीदार म्हणून सकाळच्या एस. टी.ने वर आलो होतो आणि न्याहारी होईतो कोंडसरचा वाचक होऊन बसलो होतो.

अंगठ्याखालची ओळ मी नुकतीच त्यांना वाचून दाखवली होती. 'दगड हाडोळ्याचे पूर्वबांधास असे. हाडोळा येसनाक बिन राघनाक याचा.' बिन म्हणजे मुलगा.

"का नको?" मी विचारलं.

"अहो, हाडोळा आता राहिलाय कुठं? महारांना शिवेच्या राखणीबद्दल दिलेली जमीन असायची, ती पेशवाईत असेल. शीव ठरवायला येणाऱ्या साहेबांना उगा घोळ व्हायचा. झरा कोंडसरचा, झऱ्याच्या पूर्वेला दगड, दगडाखाली कोळसे. एवढं पुरे की! दगड तिथं आहे. वडिलांनी हाताला धरून दाखवलाय मला."

मी हो म्हणालो. खोटं वाचायचं नव्हतं, कमी वाचायचं होतं. रोज संध्याकाळी जागा नाही म्हणून दुसऱ्यांच्या बातम्यांतली चार-चार वाक्यं कापणाऱ्या माणसाला एक ओळ गाळणं जड गेलं नाही.

शिवाय झऱ्यावर कोंडसरच्या एकशे चाळीस घरांचं पाणी होतं.

ही गोष्ट १९८१च्या मार्चमधली. वरघाट हा चौसष्ट गावांचा डोंगराळ महाल. त्याच्या सीमा जितक्या वेळा बदलल्या तितक्या वेळा तिथल्या देवळांचे कळसही बदलले नसतील. आधी डोंगरातल्या नाइकांचा, मग पेशव्यांच्या एका सरदाराचा. कंपनी सरकारने त्याचे दोन तुकडे केले. पश्चिमेचा संस्थानाला दिला, पूर्वेचा स्वतःकडे ठेवला. संस्थान विलीन झाल्यावर तुकडे पुन्हा जोडले आणि एका जिल्ह्यात घातले. आता नवा जिल्हा होत होता आणि महाल पुन्हा मधोमध चिरला जाणार होता. कोंडसर जुन्या जिल्ह्यात राहणार, वाघुर्डे नव्यात जाणार. दोन गावांमधली शीव एका दिवसात दोन जिल्ह्यांची हद्द होणार होती, आणि त्या शिवेवरच उंबरझरा होता. वरघाटातला उन्हाळ्यात न आटणारा एकमेव झरा. कोंडसरची नळयोजना मंजूर होऊन पडली होती. झरा पलीकडच्या जिल्ह्यात गेला की योजना रद्द.

दहा वाजता झऱ्यावर दोन्ही गावं जमली. सीमेचं काम पाहणारे टिपणीस नावाचे अधिकारी जीपमधून उतरले; सोबत एक कारकून आणि साखळी घेतलेले शेख भूमापक. टिपणिसांनी घड्याळ काढून जीपच्या बॉनेटवर ठेवलं.

"तीनला मी निघणार. उद्या अहवाल मुंबईत हवा आहे. आधी वाघुर्डे बोला."

वाघुर्ड्याचे बाजीबा सणस पुढे आले. सत्तरीचा, बारीक, तोंडाने तिखट माणूस.

"साहेब, माझा पणजा सरदाराच्या मुलखात जन्मला, मी संस्थानात, धाकटा ल्योक आत्ताच्या जिल्ह्यात. बाळंतपणं तिन्ही एकाच घरात. आता मरायला तुम्ही चौथा जिल्हा देताय, आमची हरकत नाही. फक्त तिथं पाणी पाजायला झरा असू द्या."

लोक हसले. टिपणीसही हसले.

"पुरावा?"

"संस्थानचा नकाशा आहे तुमच्याकडं. झरा आमच्या अंगाला दाखवलाय. आणि हा गहू बघा." बाजीबांनी झऱ्यापासून पूर्वेला पसरलेल्या पिवळ्या होत आलेल्या शेताकडे हात केला. "हा आमच्या हद्दीत घुसून पाटलानं केलाय. कागद मागा त्याच्याकडं, एक निघायचा नाही."

"वहिवाट आहे," हैबतराव म्हणाले.

"उंदराची पण असती कणगीत!"

टिपणिसांनी हात वर केला. "ह्या शेताची मोजणी कधीच झालेली नाही, तेव्हा पिकावरून हद्द ठरणार नाही. पाटील, तुमचा कागद."

मी महजर वाचला. आवाज खणखणीत लावला होता. "'उंबरझरा कोंडसरचे शिवेत. झऱ्याचे पूर्वेस शिवेचा दगड. दगडाखाली कोळसे व खापर पुरिले, जे कुजत नाही, वाहून जात नाही.'" इथे मी एक ओळ सोडली आणि पंचांच्या नावांवर आलो.

शेख भूमापकांचे डोळे चमकले. "कोळसे! साहेब, जुने लोक हुशार. दगड कोणीही हलवील, पण खालचा कोळसा हलवायला तो आहे हे माहीत पाहिजे."

"चला, दगड दाखवा."

गव्हाच्या पार पूर्वेच्या टोकाला तो उभा होता, कमरेइतका, शेंदूर फासलेला. चार गड्यांनी पहारी लावून तो आडवा केला. खाली टिकाव पडला. एक हात, दीड हात, दोन हात. पिवळा मुरूम निघत राहिला. माणसं कडेला ओणवी झाली होती. मी इतका वाकलो होतो की माझ्या डोक्यावर माती पडली.

काहीच नव्हतं. ना कोळसा, ना खापर.

"हे तर कोरं रान आहे," शेख म्हणाले. "इथं आधी कधी खणलंच नाही."

वाघुर्ड्याच्या बाजूने एकच गलका उठला. "पाटलानं दगड आणून लावलाय!" "शेंदूर ताजा आहे का बघा रे!" बाजीबा तर टाळ्या वाजवत होते. "साहेब, लिहा! वाट कशाला बघताय, लिहा आणि चला, आमच्याकडं जेवण तयार आहे."

हैबतरावांचा चेहरा मी जवळून पाहिला. तो पकडलेल्या चोराचा नव्हता. बापाने दाखवलेला दगड खोटा निघालेल्या माणसाचा होता.

टिपणीस कारकुनाकडे वळले. "महजरातला दगड सापडत नाही. तेव्हा उपलब्ध नकाशाप्रमाणे झरा वाघुर्डे हद्दीत…"

कोंडसरच्या बायांनी डोक्यावरचे हंडे खाली आपटले. कोणीतरी ओरडलं, "नळ गेला! गेला नळ!" कारकुनाने टोपण काढलं.

"साहेब," मी म्हणालो, "मी एक ओळ गाळली आहे."

इतका वेळ चाललेला गोंगाट आधी जवळच्या माणसांत थांबला आणि मग लांबच्या. टिपणिसांनी माझ्याकडे असं पाहिलं, की आजही त्या नजरेची आठवण मला आवडत नाही.

"गाळली म्हणजे?"

"वाचली नाही. मुद्दाम." कोणी सांगितलं ते मी बोललो नाही आणि त्यांनी विचारलं नाही. मी ओळ वाचली. दगड हाडोळ्याचे पूर्वबांधास असे. हाडोळा येसनाक बिन राघनाक याचा.

"म्हणजे हाडोळा सापडला तर दगडाची जागा सापडते. पाटील, हाडोळा कुठे आहे?"

"आमच्या गावात हाडोळा नाही," हैबतराव म्हणाले. माझ्याकडे न बघता म्हणाले.

"कोणाला माहीत आहे?"

कोंडसरची माणसं पायाखालच्या मातीकडे बघू लागली.

"मला म्हाईत हाय."

आवाज खालून आला. झऱ्याचं पाणी वाहून पुढे जिथे डबकं साचतं, तिथे चार-पाच बाया वेगळ्या उभ्या होत्या. बौद्धवाडीचं पाणी त्या डबक्यावर होतं, वर झऱ्यावर नव्हतं. त्यांतली पन्नाशीची एक बाई वर चढून आली. पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत ओले.

"ही चंद्रा," कोणीतरी टिपणिसांना सांगितलं. "गेणू ओव्हाळाची लेक. पाटलांच्याच रानात कामाला असती."

"चंद्रे, आधी का नाही बोललीस?" हैबतराव म्हणाले. "तुझ्या बापजाद्यांचं कामच होतं ते, शीव दाखवायचं."

"काम व्हतं म्हणूनच बोलले नाही. बानं दीक्षा घेतली त्या दिशी गावकीची समदी कामं टाकली. मेलेली ढोरं वढायचं टाकलं, दवंडी टाकली, शीव दावायचं बी टाकलं." ती टिपणिसांकडे वळली. "गावकीचं काम म्हणून दावणार नाही, साहेब. साक्षीदार म्हणून इचारा. आन् सांगीन ते समदं लिवायचं. निम्मं नाही."

"समदं लिहू," टिपणीस म्हणाले. ते 'समदं' म्हणाले, याचं मला तेव्हाही नवल वाटलं होतं.

"मग चला."

ती निघाली आणि तिच्यामागे दीडशे माणसं. ती झऱ्याच्या वरच्या कातळावर गेली. तिथे एक खाच होती, बोटभर खोल, छिन्नीने मारलेली. जन्मभर तिथे धुणी वाळत घालणाऱ्यांनाही ती ठाऊक नव्हती.

"सुगी झाली की बा मला शिवेनं चालवायचा. त्याला ल्योक नव्हता, मीच थोरली. सात वर्सांची आसंन. परत्येक दगडाशी गुळाचा खडा द्यायचा, म्हणजे जागा ध्यानात ऱ्हायाला पाहिजे." तिने खाचेत टाच रोवली आणि समोरचं टेकाड पाहिलं. टेकाडामागे, दूर, सुळक्याचा डोंगर होता, पण इथून तो दिसत नव्हता. "हितनं टेकाडाकडं पाठ करायची नाही. त्वांड तिकडंच, आन् मागं मागं जायाचं. सुळक्याचं टोक टेकाडावरनं नुसतं डोकावलं की थांबायचं. पायाखाली दगड."

आणि ती मागे चालू लागली. पूर्वेकडे पाठ, टेकाडावर नजर. तिच्या पाठीमागे पाटलांचा गहू होता.

ती बांधाशी थांबली. अजून टोक दिसलं नव्हतं. गव्हात शिरावं लागणार होतं. तिने शिरायच्या आधी हैबतरावांकडे पाहिलं नाही, पण आम्ही सगळ्यांनी पाहिलं.

"पाटील, पिकात खणावं लागेल," टिपणीस म्हणाले.

मागून हैबतरावांचाच चुलतभाऊ म्हणाला, "आबा, गहू परत पिकंल. झरा नाही परत यायचा."

"खणा," हैबतराव म्हणाले.

ती ओंब्यांत मागे सरकत गेली. दहा पावलं, वीस पावलं. थांबली. "हितं."

गड्यांनी गहू उपटून फेकला आणि टिकाव घातले. माती काळी होती, भुसभुशीत. एक हात. दोन हात. तिथेही काही नव्हतं.

"आता पाटलाचा सगळा गहू मळूनच काढा!" बाजीबा ओरडले. "आम्ही खळं करून देतो!"

जीपमधून कारकून ओरडला, "दोन वाजले!"

चंद्राबाई खड्ड्याकडे बघत नव्हती. ती टेकाडाकडे बघत होती. कपाळाला आठी घालून, पुन्हा पुन्हा. टोक तर स्पष्ट डोकावत होतं, मलाही दिसत होतं. मग ती एकदम हसली. खरंच हसली, कपाळावर हात मारून.

"आगं बाई! म्या केवढी व्हते तवा?"

आणि ती गव्हात उकिडवी बसली.

खाली बसल्याबरोबर टोक टेकाडाआड गेलं असणार, कारण ती तशीच, बसल्या बसल्या, बदकासारखी मागे मागे सरकू लागली. लोक आधी बघतच राहिले, मग हसू फुटलं, वाघुर्ड्याची पोरंटोरं तर लोळायला लागली. शेख भूमापक मात्र हसले नाहीत. ते खाडकन् तिच्याशेजारी बसले, तिच्या डोळ्यांच्या उंचीला डोळे आणले आणि ओरडले, "बरोबर! साहेब, बरोबर आहे! मूल बुटकं, त्याला टोक दिसायला अजून मागे जावं लागणार! चला बाई, सरका, सरका!"

दोघं मिळून सरकत होते. पाच हात. आठ हात. मीही कधी बसलो मला कळलं नाही. माझी धोतराची पिढी नव्हती, पँट गुडघ्यात टरकली.

"थांबा," चंद्राबाई म्हणाली. "आलं. हितं."

या वेळी टिकाव हैबतरावांनी स्वतः घेतला. पन्नाशी उलटलेला माणूस, पण मारत होता जीव खाऊन. एक हात झाला. दीड हात झाला. टिकावाचा आवाज बदलला, कर्र्र झालं. शेख खड्ड्यात उतरले आणि हातांनी माती काढू लागले. आधी खापर निघालं, रांजणाच्या काठाचं, तळहाताएवढं. मग त्याखाली ओंजळभर काळं काहीतरी. त्यांनी एक खडा तळव्यावर चोळला आणि हात वर केला.

हात काळाकुट्ट झाला होता.

"कोळसा!"

पुढची दोन मिनिटं मला नीट सांगता येणार नाहीत. कोंडसरची माणसं गव्हात नाचत होती. बायांनी रिकामे हंडे बडवायला सुरुवात केली होती. हैबतरावांनी डोक्याचा पटका काढून हवेत उडवला. बाजीबा खड्ड्याच्या काठाशी येऊन वाकून बघत होते आणि म्हणत होते, "च्यायला, दोनशे वर्सं! दोनशे वर्सं राहिला की!" हरलेला माणूस इतका खूश मी पुन्हा पाहिला नाही. खूश व्हायला थोडं कारणही होतं: खरी शीव इथे निघाली होती, म्हणजे पाटलांचा शेंदराचा दगड वाघुर्ड्याच्या रानात तीस-पस्तीस हात घुसलेला होता, आणि तो पट्टा त्यांना परत मिळणार होता.

"लिहा," टिपणीस कारकुनाला सांगू लागले. "झरा कोंडसर हद्दीत…"

"साहेब," चंद्राबाई म्हणाली. "आता ऱ्हायलेलं लिवा."

हंडे थांबले.

"ह्या खड्ड्यापासनं वर झऱ्यापातुर हाडोळा. येसनाकाचा, मग त्याच्या वंशाचा, मग माझ्या बाचा, गेणू ओव्हाळाचा. मी नऊ वर्सांची व्हते तवा ह्यांच्या वडलांनी बांध मोडून नांगर घातला. दगड उपटून तिकडं टोकाला नेला. खालचा कोळसा त्यास्नी ठावं नव्हता. बाला ठावं व्हता. बा रडत घरी आला आन् मला म्हनला, दगड नेला, जागा नाही न्हेली."



हैबतराव टिकावावर हात ठेवून उभे होते. "ते नंतर बघू, चंद्रे. आज पाण्याचं होऊ दे."

"मग कोळसं बी नंतरच बघा, पाटील."

"गावाचं पाणी अडवतीस?"

"तुमच्या गावाचं पानी म्याच काडून दिलं न्हवं आत्ता?"

टिपणिसांनी माझ्या हातातला महजर घेतला. त्यांना मोडी येत नव्हती. त्यांनी तो नुसता उलटा-सुलटा पाहिला आणि परत दिला. "ती ओळ पुन्हा वाचा."

मी वाचली. या वेळी मधे कुठेही थांबलो नाही.

"पाटील, ऐकलंत," ते म्हणाले. "कागद म्हणतो दगड हाडोळ्याच्या बांधावर आहे. शीव इथे आहे हे मान्य करायचं, तर इथे हाडोळा आहे हे मान्य करावं लागतं. हाडोळा नाही म्हणालात, तर हा खड्डा नुसता खड्डा आहे, आणि झरा नकाशाप्रमाणे जाईल. जमीन कोणाच्या नावे करायची ते माझ्या हातात नाही. पण आज पंचनाम्यात जे लिहीन, ते डावलून पुढे कोणाला जाता येणार नाही. कोंडसरच्या वतीने सही तुमची आहे. अडीच वाजले आहेत."

सव्वा एकराचं शेत होतं ते. झऱ्याला लागून, वरघाटातलं एकुलतं एक बागायत. हैबतरावांनी गव्हाकडे पाहिलं. मग मागे उभ्या असलेल्या आपल्याच माणसांकडे, भावकीकडे, बायांकडे पाहिलं. सकाळी खाली मान घालून मातीकडे बघणारी तीच माणसं होती. आता सरळ त्यांच्याकडे बघत होती. शेवटी त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"सबनीस, चांगलं वाचता तुम्ही," ते म्हणाले. टोमणा होता, पण त्यात जोर नव्हता.

मग कारकुनाला म्हणाले, "लिहा ती सांगती तसं."

कारकुनाने बॉनेटवर कागद पसरला आणि साक्षीदाराचा रकाना काढला. "नाव?"

"चंद्राबाई गेणू ओव्हाळ."

"नवऱ्याचं नाव सांगा, बाई."

"साक्ष बाची देते. बाचं नाव लिवा."

लिहिलं. "वय?"

"पन्नास धरा."

"धंदा?" आणि उत्तराची वाट न बघता तो लिहू लागला, "शेतमजु…"

"शेतकरी," चंद्राबाई म्हणाली.

कारकुनाची लेखणी थांबली. त्याने टिपणिसांकडे पाहिलं. टिपणीस हैबतरावांकडे बघत होते.

हैबतरावांनी पुढे होऊन कारकुनाच्या हातातून पेन घेतलं. मला वाटलं, आता हा माणूस ते फेकून देणार. त्यांनी अर्धवट लिहिलेल्या शब्दावर स्वतः काट मारली, पेन परत दिलं, आणि सांगितलं, "शेतकरी लिहा. आणि मला सही कुठं करायची ते दाखवा."

तीनला सहा मिनिटं कमी असताना सह्या झाल्या. आधी बाजीबांची, मग हैबतरावांची, मग तिची. तिला सही येत होती. साडेचारची एस. टी. धरून मला बातमी खाली पाठवायची होती. मी वही गुंडाळत होतो तेव्हा हैबतराव गव्हाच्या कडेला तिच्यापासून दहा हातांवर उभे होते.

"चंद्रा…बाई," ते म्हणाले. त्यांना तो शब्द जुळवायला वेळ लागला. "पंधरा दिसांत गहू कापणीला येतोय. हा कुणी काढायचा मग?"

चंद्राबाईने तुडवलेलं पीक पाहिलं, उभं असलेलं पाहिलं.

"प्येरलाय तुमी," ती म्हणाली. "तुमीच काडा. फुडली पेर माझी."